फील्डवर घेतलेल्या सूक्ष्मजीव नमुन्यांतला डीएनए प्रयोगशाळेपर्यंत शाबूत कसा न्यायचा?

ओलीमाती

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आठ दिवस फील्डवर जायचं आहे. डोंगरातलं एक तळं, त्यातून निघणारा ओढा, काठावरची जंगलातली माती आणि वरच्या अंगाला दोन गरम पाण्याचे झरे अशी ठिकाणं आहेत. वीज कुठेच नाही. पहिले पाच दिवस गाडी जवळ असेल, शेवटचे तीन दिवस सगळं सामान पाठीवर. सगळ्या नमुन्यांचं १६एस (जिवाणू ओळखायला वापरतात त्या एका जनुकाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे क्रमवाचन) करायचं आहे, मोजक्या नमुन्यांचं मेटाजीनोम (नमुन्यातल्या सगळ्या डीएनएचं वाचन), आणि जमलं तर तळ्याच्या दोन-तीन नमुन्यांवर लाँग रीड (लांब तुकडे सलग वाचणं).

हे विचारण्यामागे मागच्या वर्षीचा एक वाईट अनुभव आहे. तेव्हा तळ्याचं पाणी एक-एक लिटरच्या बाटल्यांत भरलं, आइसबॉक्समध्ये ठेवलं आणि परत आल्यावर गाळलं. मधे तीन दिवस गेले. बर्फाचं दुसऱ्याच दिवशी पाणी झालं होतं. सिक्वेन्सिंगमध्ये जवळपास सगळ्या बाटल्यांत गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया या जिवाणूंच्या वर्गातले तेच दोन गट भरभरून दिसले. तळ्यात त्यांचंच राज्य आहे असं समजून मी अहवालाचा मसुदाही लिहायला घेतला. मग मार्गदर्शकांनी एकच गोष्ट विचारली, "पाणी बाटलीत किती वेळ होतं?" त्या रात्री झोप लागली नाही.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. तुमच्यापैकी ज्यांनी विजेशिवाय फील्ड केली आहे त्यांनी काय वापरलं, काय फसलं, ते सविस्तर सांगा. तयारीला अजून चार आठवडे आहेत.

केंद्रक

चांगला धागा. पद्धतीकडे वळण्याआधी आपण नेमकं काय थांबवतो आहोत ते मांडतो, म्हणजे पुढची निवड सोपी जाईल.

नमुना उचलला की त्यात तीन गोष्टी एकदम सुरू होतात. जे जिवंत आहेत ते जगत राहतात, आणि बाटलीतल्या बदललेल्या परिस्थितीत ज्यांचं फावतं ते वाढतात. तुमच्या गॅमाप्रोटिओबॅक्टेरियांचं तेच झालं. यातले बरेच गट अन्न मिळताच झपाट्याने वाढणारे असतात, बाटलीच्या काचेवर नाहीतर प्लास्टिकवर चिकटूनही वाढतात. दुसरी गोष्ट, जे मरतात ते फुटतात आणि त्यांचा डीएनए न्यूक्लिएझच्या, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या प्रथिनांच्या, तावडीत सापडतो. तिसरी गोष्ट निव्वळ रसायनाची: पाण्यात डीएनएचे बेस हळूहळू गळतात, धागे तुटतात. आम्ल आणि उष्णता असेल तर हे वेगाने होतं.

थंडी या तिन्हींना आवर घालते. रसायनं एकेकाला गाठतात. अल्कोहोल पेशी मारतं, पाणी ओढून घेतं आणि प्रथिनं निकामी करतं. ईडीटीए हे रसायन मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पकडून ठेवतं. बहुतेक न्यूक्लिएझना काम करायला हेच आयन लागतात. पीएच ८ च्या आसपास ठेवला की रासायनिक झीज मंदावते. बाजारातल्या किंवा घरच्या कुठल्याही बफरची कृती बघा, यातलंच काहीतरी जोडून केलेलं असतं.

आणि एक नियम माझ्या लेखी बाकी सगळ्यांच्या वरचा आहे. तुलना करायच्या सगळ्या नमुन्यांना एकच पद्धत आणि उचलल्यापासून थांबवेपर्यंत साधारण तेवढाच वेळ. पाच दिवसांचे नमुने गोठवलेले आणि तीन दिवसांचे अल्कोहोलमधले असं केलंत, तर पुढे दिसणारा फरक ठिकाणाचा की बाटलीचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. तुमची फील्ड नेमकी तशीच दुभंगलेली आहे म्हणून हे आत्ताच सांगतो.

पर्वतकडा

गोठवणं शक्य असेल तर त्याला तोड नाही, हे माझं मत. उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन, म्हणजे पेशी जिथे आहे तिथेच थबकते. २००९ ते २०१३ च्या तारा ओशन्स मोहिमेत बोटीवर गाळलेले फिल्टर असेच झटक्यात गोठवले होते. आम्ही ड्राय शिपर वापरतो. त्यात नायट्रोजन सच्छिद्र अस्तरात शोषलेला असतो, सांडत नाही, आणि नीट भरलेला असेल तर बरेच दिवस टिकतो. निघण्याच्या आदल्या दिवशी भरून, वजन करून, रात्रभर ठेवून पुन्हा वजन करा. वजन झपाट्याने उतरत असेल तर निर्वात आवरण गेलेलं असतं, तो शिपर नेऊ नका.

ड्राय आइस उणे ७८.५ अंशांचा, पण तो रोज उडून कमी होतो. घट्ट बंद डब्यात कधीही ठेवू नका, वायूच्या दाबाने डबा फुटतो. गाडीत ठेवलात तर काचा थोड्या उघड्या ठेवा. बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साठून माणसं बेशुद्ध पडू शकतात. हे मी मनापासून सांगतो आहे, नमुन्यापेक्षा जीव मोठा.

ओलीमाती

पर्वतकडा, आभार. पण ड्राय शिपर पाठीवर घेऊन तीन दिवसांची चढण आमच्याच्याने होणार नाही. केंद्रक म्हणतात तसं सगळ्यांना एकच पद्धत ठेवायची तर रसायनांवरच जावं लागेल. साधा बर्फ आणि मीठ एवढं गाडीपाशी मिळेल.

आमच्याकडे अॅब्सोल्यूट अल्कोहोल भरपूर आहे. माती, गाळ, बायोफिल्म (दगडांवरचा सूक्ष्मजीवांचा चिकट थर) सगळं ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये टाकलं तर चालेल का?

पर्वतकडा

बर्फ-मिठाबद्दल आधी सांगतो. तीन भाग कुटलेला बर्फ, एक भाग मीठ, वजनाने. मिश्रण सिद्धांतानुसार उणे २१ पर्यंत उतरतं, प्रत्यक्षात त्याच्या थोडं वरच राहतं. पण ते टिकवता येणार नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. नमुना गोठला, वितळला, पुन्हा गोठला की बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात, न्यूक्लिएझ मोकळे होतात आणि वितळलेल्या काळात त्यांना रान मोकळं मिळतं. त्यातही पातळ भिंतीचे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू आधी फुटतात, जाड भिंतीचे आणि बीजाणू तगून राहतात, म्हणजे चित्र एका बाजूला झुकतं. अर्धवट गोठवण्यापेक्षा न गोठवलेलं बरं.

गाळकाठ

अल्कोहोलबद्दल मी सांगते, कारण माझा पीएचडीचा पहिला हंगाम त्यातच वाया गेला.

अल्कोहोल उत्तम आहे, पण बाटलीवर लिहिलेले टक्के आणि ट्यूबमधले टक्के यांत फरक असतो. हिशोब करून बघा. ५ ग्रॅम तळाचा गाळ घेतला. त्यात ६० टक्के पाणी, म्हणजे ३ मिलि. त्यावर ९५ टक्क्यांचं ५ मिलि अल्कोहोल ओतलं. आता एकूण द्रव ८ मिलि आणि त्यात अल्कोहोल ४.७५ मिलि. म्हणजे जेमतेम ५९ टक्के! मी तेच केलं होतं. ट्यूब भरलेली दिसायची, वरून अल्कोहोलचा वास यायचा, सगळं छान वाटायचं. सहा आठवड्यांनी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून, बघितलं तर बँड (शाबूत डीएनएचा ठळक पट्टा) कुठेच नाही, वरपासून खालपर्यंत नुसता ओघळ.

तेवढ्याच गाळाला १५ मिलि अल्कोहोल टाकलं तर ७९ टक्के येतात, २० मिलि टाकलं तर ८२ च्या पुढे. म्हणजे ५ ग्रॅम गाळाला ५० मिलिची ट्यूब लागते. नाहीतर गाळ कमी घ्या, २ ग्रॅमही पुरतो. ७० टक्क्यांच्या अल्कोहोलचा तर विचारही करू नका. विष्ठेच्या नमुन्यांवर २०१६ मध्ये वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या होत्या, त्यात ९५ टक्के चांगलं टिकलं आणि ७० टक्के नापास झालं.

ओतल्यावर ट्यूब जोरात हलवा. चिकणमातीचा गोळा तसाच राहिला तर आत अल्कोहोल पोचत नाही. मी आता स्वच्छ काडीने गोळा मोडते, मग हलवते.

आणि लेबल! मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. ट्यूबच्या आत कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने क्रमांक लिहा, बाहेर वेगळा लिहा, आणि वहीत तिसऱ्यांदा.

ओलीमाती

५९ टक्के! मी अगदी हेच, समान मापाने ओतण्याचं ठरवलं होतं. गाळकाठ, तुमचे उपकार.

शेवाळ

मातीबद्दल थोडा दिलासा देतो. माती बरीच खंबीर असते. २०१० मध्ये माती, त्वचा आणि विष्ठेचे नमुने २०, ४, उणे २० आणि उणे ८० अंशांवर १४ दिवसांपर्यंत ठेवून पाहिले होते. समुदायाच्या एकूण रचनेत मोठा फरक पडला नाही. तेव्हा जंगलातल्या मातीसाठी फार घाबरून जाऊ नका. पाणी आणि बायोफिल्म जास्त नाजूक आहेत, तिथे मेहनत घ्या.

केंद्रक

शेवाळ, बरोबर, पण "एकूण रचना" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठिकाणाठिकाणांतला फरक मोठा असतो, त्यापुढे साठवणीचा फरक झाकला जातो. ओलीमाती यांना एकाच ओढ्याच्या दहा मीटर अंतरावरच्या दोन जागांची तुलना करायची असेल तर तोच छोटा फरक आडवा येईल. शिवाय मेटाजीनोमसाठी डीएनएची लांबी लागते, १६एससाठी ती तितकी लागत नाही. तुटका डीएनएसुद्धा १६एस देतो, त्यामुळे १६एस चांगलं आलं म्हणजे जतन चांगलं झालं असं धरून चालू नका.

निळीबाटली

बफरबद्दल लिहिते. आमच्या गटात तीन वापरले आहेत.

पहिला डेस: २० टक्के डीएमएसओ (एक द्रावक), ०.२५ मोलर ईडीटीए, आणि मीठ विरघळेल तेवढं, पीएच ८. साध्या तापमानाला महिनोन्महिने टिकतो, पेटत नाही, पाठीवर न्यायला निर्धास्त. गाळ आणि बायोफिल्मसाठी माझी पहिली पसंती.

करताना नवख्यांचा धीर सुटतो ती जागा सांगते. लिटरभर डेससाठी डायसोडियम ईडीटीए ९३ ग्रॅम लागतं. ते पाण्यात टाकल्यावर पांढऱ्या भुकटीसारखं तळाशी बसून राहतं. तास गेला तरी ढिम्म. पाणी वाढवून किंवा तापवून भागत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या एकेक करून टाकत जा आणि मीटरकडे बघत राहा. पीएच ८ च्या जवळ आला की दुधी द्रव बघता बघता नितळ होतो. मग २०० मिलि डीएमएसओ, आणि शेवटी मीठ. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलं पाहिजे, तीच संपृक्ततेची खूण. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतं, थंडीत बाटली घट्ट झालेली दिसली तर खराब झालं म्हणून टाकू नका, कोमट पाण्यात ठेवा. आणि हातमोजे घालाच, डीएमएसओ त्वचेतून आत जातं आणि बरोबर इतर रसायनंही नेतं.

दुसरा लाँगमायर: ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं) आणि ईडीटीए प्रत्येकी ०.१ मोलर, १० मिलिमोलर मीठ, ०.५ टक्के एसडीएस (पेशी फोडणारं, साबणासारखं रसायन). पाण्याच्या फिल्टरसाठी हा मला आवडतो. थंड रात्री एसडीएस पांढरं होऊन खाली बसतं, हातात धरून गरम केलं की विरघळतं.

तिसरा आरएनएलेटर, म्हणजे मुख्यतः अमोनियम सल्फेटचं दाट द्रावण. आरएनए हवा असेल तर घ्या. नुसत्या डीएनएसाठी मी आता घेत नाही. द्रावण इतकं जड असतं की सेंट्रिफ्यूज केल्यावर पेशी खाली बसतच नाहीत. आधी बफरने पातळ करावं लागतं.

पर्वतकडा

आरएनएलेटरबद्दल असहमत. आम्ही बायोफिल्मसाठी वापरलं आहे आणि चांगला डीएनए मिळाला. पातळ करून फिरवण्याची सवय लागली की अडचण राहत नाही.

निळीबाटली

मान्य, दाट बायोफिल्ममध्ये पेशी इतक्या असतात की थोड्या गेल्या तरी कळत नाही. पण ओलीमाती यांचं तळ्याचं पाणी आणि झरे, तिथे जीवसंख्या कमी. तिथे सांडलेली प्रत्येक पेशी महाग पडते.

याच ओघात एक सांगायचं राहिलं. लाँगमायरमध्ये पेशी फुटतात, डीएनए द्रावणात उतरतो. प्रयोगशाळेत कुणीतरी सवयीने द्रावण ओतून देतं आणि नुसता फिल्टर घेऊन एक्स्ट्रॅक्शन करतं, म्हणजे त्यातून डीएनए वेगळा काढतं. तुमचा डीएनए तेव्हा बेसिनमध्ये गेलेला असतो. द्रावणासकट काढा. हे ट्यूबच्या पेटीवर मोठ्या अक्षरात लिहा, कारण एक्स्ट्रॅक्शन करणारी व्यक्ती वेगळी असू शकते.

खारेपाणी

ईडीटीएचा हिशोब मीही एकदा चुकलो आहे, म्हणून लिहितो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ५३ मिलिमोल मॅग्नेशियम आणि १० मिलिमोल कॅल्शियम असतं. म्हणजे १० मिलि पाण्यात ०.६३ मिलिमोल. त्यात ०.५ मोलर ईडीटीए १ मिलि टाकलं तर ते ०.५ मिलिमोल. सगळं ईडीटीए खर्ची पडलं आणि मॅग्नेशियम उरलंच! न्यूक्लिएझ मजेत काम करत राहिले. म्हणून फिल्टर बफरमध्ये टाकण्याआधी उरलेलं पाणी हवेने ढकलून काढून टाकायचं.

ओलीमाती, तुमचं तळं गोडं आहे, तिथे हे जाणवणार नाही. पण गरम झऱ्याभोवती पांढरा चुनखडीचा थर असेल तर सावध राहा. १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये १० मिलिमोल कॅल्शियम असतं, आणि ५ मिलि डेसमध्ये ईडीटीए फक्त सव्वा मिलिमोल. कार्बोनेट पीएच ८ ला हळूहळूच विरघळतं, पण महिनाभर ठेवणार असाल तर ते बफर खात राहणार. तिथे खरवडताना दगड कमी आणि बायोफिल्म जास्त येईल असं बघा, किंवा सरळ अल्कोहोल वापरा.

ओलीमाती

एका झऱ्याभोवती तसाच पांढरा थर आहे. दुसऱ्याचा पीएच मागच्या वर्षी ३ च्या आत आला होता. त्याचं काय करू?

केंद्रक

आम्लाचा झरा ही वेगळी जात. आम्लात प्युरीन बेस, म्हणजे अॅडेनिन आणि ग्वानिन, साखरेपासून सुटतात, आणि तशा जागी धागा पुढे तुटतो. जिवंत पेशी आपल्या आतला पीएच सांभाळते, म्हणून आतला डीएनए सुरक्षित. पण पेशी आम्लातच असताना तुम्ही ती फोडलीत तर डीएनए थेट आम्लात पडतो. तेव्हा आधी आम्ल काढा. गाळल्यावर फिल्टरमधून थोडं निर्जंतुक, उदासीन बफर सोडा, हवेने रिकामा करा, मगच जतनाचं द्रावण भरा. गाळासाठी जास्त ट्रिस असलेलं द्रावण घ्या आणि पट्टीने पीएच तपासून वहीत लिहा.

गरम पाण्यात जीवसंख्या बहुधा कमी, त्यामुळे शक्य तितकं जास्त पाणी गाळा. पंपाऐवजी हाताची सिरिंज असेल तर फिल्टर घट्ट लागायला लागल्यावर थांबा. जोर लावला की पेशी फाटतात आणि डीएनए खालच्या पाण्यातून निघून जातो. किती मिलि गेलं ते प्रत्येक फिल्टरला लिहा.

ओलीमाती

फिल्टर कुठला? मी ०.२२ मायक्रॉनचा स्टेरिव्हेक्स धरला आहे.

निळीबाटली

तोच घ्या. बंद कुपी असल्यामुळे फील्डवर चिमटा, पेट्री डिश, उघडा फिल्टर ही सगळी झंझट वाचते. ६० मिलिची सिरिंज, पाणी संपलं की दोनदा हवा मारायची, एक तोंड बंद, पावणेदोन-दोन मिलि लाँगमायर भरायचा, दुसरं तोंड बंद, दोन्हीकडे पॅराफिल्म. मग हातात उलटसुलट फिरवायची. तळं गढूळ असेल तर आधी जाड फिल्टर लावावासा वाटेल, पण कणांना चिकटलेले सूक्ष्मजीव त्यात अडकतात. लावायचाच तर सगळ्या नमुन्यांना लावा आणि जाड फिल्टरही जपून ठेवा.

गाळकाठ

रिकामे नियंत्रण नमुने विसरू नका. झऱ्यासारख्या कमी जीवसंख्येच्या नमुन्यात किटमधला आणि हवेतला डीएनएच जास्त दिसू शकतो. एक्स्ट्रॅक्शन किटमध्ये स्वतःचा जिवाणू डीएनए असतो, हे २०१४ पासून सगळ्यांना माहीत आहे. म्हणून रोज एक फिल्टर घरून नेलेल्या निर्जंतुक पाण्याचा, त्याच जागी, त्याच सिरिंजने. एक ट्यूब नुसत्या बफरची, उघडून बंद केलेली. प्रयोगशाळेत एक्स्ट्रॅक्शनचा वेगळा, पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या टप्प्याचा) वेगळा. आणि हे सगळे सिक्वेन्सिंगला पाठवायचे, फक्त जेलवर बघून "काही नाही" म्हणून टाकून द्यायचे नाहीत.

अवजारं ७० टक्के अल्कोहोलने पुसून समाधान मानू नका. त्याने जंतू मरतात, त्यांचा डीएनए तिथेच राहतो. ब्लीचचं एकास नऊ द्रावण, दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुवायचं, कारण उरलेलं ब्लीच पुढच्या नमुन्यातला डीएनए खातं.

निळीबाटली

यात एक धोक्याची सूचना जोडते. ग्वानिडीन असलेली तयार द्रावणं जर कुणी वापरत असेल, डीएनए-आरएनए शील्डसारखी, तर ती ब्लीचजवळ आणू नका. दोन्ही मिसळली की विषारी वायू निघतात. सांडलं तर आधी पाण्याने आणि कागदाने टिपा. फील्डवर घाईत नेमकं ब्लीचच हाताशी असतं.

दीर्घसूत्र

लाँग रीडवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लांब धागे हवे असतील तर पेशी न फोडता न्या. लाँगमायरमध्ये डीएनए मोकळा होतो आणि तीन दिवस पाठीवर, मग गाडीत हिसके बसत येतो. लांब रेणू असे हिसक्यांनी तुटतात. तळ्याच्या त्या दोन-तीन नमुन्यांना वेगळे फिल्टर लावून डेस किंवा अल्कोहोलमध्ये न्या, आणि एक्स्ट्रॅक्शनला मण्यांनी ठोकण्याऐवजी एन्झाइमने हळुवार फोडा. अर्थात तसं केलं की जाड भिंतीचे जीव कमी फुटतात, त्यामुळे या नमुन्यांची संख्यात्मक तुलना बाकीच्यांशी करू नका, त्यांच्याकडून फक्त जीनोम जुळवून घ्या. नॅनोपोरचं छोटं यंत्र २०१६ मध्ये अंतराळ स्थानकावरही चाललं आहे, तेव्हा जागेवरच सिक्वेन्सिंग करणं हाही पर्याय आहे, पण पहिल्याच फील्डला तो भार घेऊ नका.

शेवाळ

थोडं अवांतर. आपण जतन करतो तो सगळा डीएनए जिवंतांचाच असतो असं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात मातीतला सरासरी ४० टक्के डीएनए पेशीबाहेरचा किंवा फुटलेल्या पेशींचा निघाला. मातीच्या कणांना चिकटलेला डीएनए न्यूक्लिएझच्या हाती सहज लागत नाही. ग्रीनलंडच्या उत्तरेला गोठलेल्या थरांत वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळाला, २०२२ मध्ये ते जाहीर झालं, तोही खनिजांच्या कणांना धरूनच टिकला होता. थंडी आणि खनिज यांनी मिळून जे केलं ते आपण ट्यूबमध्ये करू बघतो, हे मला फार सुंदर वाटतं.

जिवंत-मृत वेगळे ओळखायचे असतील तर पीएमए हा रंग नमुना ताजा असतानाच वापरावा लागतो. अल्कोहोलमध्ये गेल्यावर सगळ्याच पेशींची पटलं सच्छिद्र होतात, मग उपयोग नाही.

ओलीमाती

सगळ्यांच्या सल्ल्यातून ठरवलं आहे ते असं. पाणी जागेवरच गाळायचं, स्टेरिव्हेक्समध्ये लाँगमायर. माती, ओढ्यातला गाळ आणि बायोफिल्म डेसमध्ये, प्रत्येकी २ ग्रॅमला १० मिलि. दोन्ही झऱ्यांच्या काठावरच्या खरवडीला अल्कोहोल, कारण त्यांची तुलना फक्त आपसांत करायची आहे. आठही दिवस हेच. उचलल्यापासून द्रावणात जाईपर्यंत अर्ध्या तासाच्या वर नाही, वेळ वहीत.

निघण्याआधी जवळच्या डबक्यावर रंगीत तालीम करते आहे. एकच गाळ तीन भागांत: एक लगेच एक्स्ट्रॅक्शन, एक डेसमध्ये दोन आठवडे खिडकीजवळच्या टेबलावर, एक तसाच बंद ट्यूबमध्ये त्याच टेबलावर.

ओलीमाती

तालीम झाली. डेसमधल्या गाळाचा बँड ताज्या गाळाच्या बँडच्या शेजारी अगदी त्याच उंचीला. बंद ट्यूबमधल्याचा बँड पुसट आणि खाली लांब ओघळ. झाकण उघडताच सल्फाइडचा वास आला, म्हणजे आतला प्राणवायू संपून दुसऱ्यांचं राज्य सुरू झालं होतं. उद्या निघते.

एक चूक मात्र तालमीमुळेच सापडली: डेसमधलं मीठ एक्स्ट्रॅक्शनमध्ये उतरलं आणि पहिला पीसीआर चाललाच नाही. गाळ फिरवून वरचं द्रावण वेगळं काढलं, ते फेकलं नाही, आणि गाळ एकदा धुतला. मग चालला.

ओलीमाती

मंडळी, परत येऊन अडीच महिने झाले. सिक्वेन्सिंग आलं, म्हणून लिहिते.

सातव्या दिवशी वरच्या झऱ्यापाशी पाऊस लागला. बोटं इतकी गारठली की सिरिंज दाबता येईना, आणि लाँगमायरच्या कुप्यांत एसडीएस पांढरं होऊन बसलेलं. निळीबाटली, तुमचं वाचलेलं नसतं तर बफर खराब झाला म्हणून टाकून दिला असता. कुप्या अर्धा तास जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवल्या. नितळ झाल्यावर भरल्या.

आम्लाच्या झऱ्याचे दोन फिल्टर फुकट गेले. पहिल्या दिवशी घाईत मी उदासीन बफर सोडायचा विसरले, त्या दोन्हींत डीएनए मोजण्याइतकाही नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रकांच्या पद्धतीने केलेले तिन्ही चालले. रोजच्या नियंत्रण नमुन्यांत थोडे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) आले, त्यातले काही गट झऱ्याच्या एका नमुन्यातही दिसतात. तो नमुना मी विश्लेषणातून बाजूला ठेवला आहे.

आता मुख्य गोष्ट. या वेळी तळ्याच्या मध्यावरचं एक लिटर पाणी मी मुद्दाम मागच्या वर्षीसारखंच नेलं. बाटलीत, बर्फात, तीन दिवस, मग गाळलं. त्याच जागेचं, त्याच वेळचं पाणी तिथल्या तिथे गाळलेलं शेजारी होतं. बाटलीतल्या पाण्यात तेच दोन गॅमाप्रोटिओबॅक्टेरियाचे गट वर आले. जागेवर गाळलेल्या पाण्यात ते आहेत, पण शोधावे लागतात. तिथे अॅक्टिनोबॅक्टेरिया आणि सायनोबॅक्टेरिया पुढे आहेत.

गाळकाठ

किती छान! मग मागच्या वर्षीच्या डेटाचं काय करणार?

ओलीमाती

पाण्याचा भाग तळ्याचं वर्णन म्हणून वापरणार नाही. डेटाबेसमध्ये तो आधीच जमा केला होता, त्याच्या नोंदीत "गाळण्यापूर्वी तीन दिवस बाटलीत, बर्फ वितळलेला" असं लिहून दुरुस्ती पाठवली. तो कुणी उचलून वापरला तर त्याला हे कळायला हवं. मातीचे नमुने ठेवते आहे, साठवणीचे दिवस प्रत्येकापुढे लिहून. डेसमधल्या तळ्याच्या दोन फिल्टरचं हळुवार एक्स्ट्रॅक्शन परवा केलं. जेलवर बँड अगदी वर, खाचेला लागून आहे. दीर्घसूत्र, लायब्ररी करण्याआधी (सिक्वेन्सिंगसाठी डीएनए तयार करण्याआधी) छोटे तुकडे काढून टाकू का, की आहे तसंच पुढे जाऊ?

दीर्घसूत्र

किती नॅनोग्रॅम हाताशी आहे ते आधी सांगा. छोटे तुकडे काढताना थोडं मोठंही जातं. कमी असेल तर आहे तसंच पुढे जा.